हातचा एक

गौरीचं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं आणि तसंच राहिलं, तेव्हा प्रणिताच्या लक्षात आलं की आपलेही ओठ हलताहेत. आवाज न करता ती पोरीचं वाक्य पुढे ढकलत होती, चढावर अडलेल्या ऑटोला मागून हात लावावा तसं. द स्टेम... द स्टेम टेक्स... बाकावर काचेचे दोन ग्लास होते. एकात साधं पाणी, दुसऱ्यात निळी शाई घातलेलं, आणि दोन्हींत पांढऱ्या शेवंतीची एकेक काडी. शाईतल्या फुलाच्या कडा निळसर झालेल्या, पाकळ्यांतून बारीक निळ्या शिरा चढलेल्या. नल्लकुंट्यातल्या त्या शाळेत दुसरीच्या पालकांना वर्षातून एकदा वर्गात बोलवत. एकेका बाकावर एकेक विषय मांडायचा, बाकामागे एक मूल उभं करायचं, आणि आम्ही काय शिकलो ते त्याने आलेल्या मोठ्या माणसांना इंग्रजीत सांगायचं. गौरीच्या वाट्याला झाड पाणी कसं पितं ते आलं होतं. आठवडाभर हे वाक्य ती आंघोळीच्या वेळी म्हणत होती, जिन्यात म्हणत होती, वरणभाताच्या घासाआड म्हणत होती, आणि आता सगळे बघत असताना ते कुठल्या कुठे गेलं होतं. डावी मूठ मात्र घट्ट मिटलेली, अंगठा आत दाबून. शेवटी गणिताच्या बाकामागचा हर्षवर्धन आपली जागा सोडून आला आणि एका दमात सगळं बोलून मोकळा झाला, वर थँक्यू फॉर लिसनिंग सुद्धा. पालकांनी टाळ्या वाजवल्या. गौरीनेही वाजवल्या. उजव्या पंजाने, डाव्या मुठीवर.

लगेच लेकीकडे धावणं बरं दिसलं नसतं, म्हणून प्रणिता इतर बाकांवरून हिंडली. आइस्क्रीमच्या काड्यांचे रबर लावलेले जुडगे, दहा-दहाचे, आणि बाजूला सुट्या काड्या. तेलुगूच्या बाकामागे दोन वेण्यांची एक मुलगी डोलत डोलत पद्य म्हणत होती. प्रणिताचा जन्म याच शहरातला, पण तिची तेलुगू भाजीवालीची आणि ऑटोवाल्याची, भाव करण्यापुरती आणि इथे थांबवा म्हणण्यापुरती. पद्यातली तेलुगू तिच्या डोक्यावरून वाहून गेली. पलीकडे इंग्रजीच्या पुठ्ठ्यांवर उलट शब्दांच्या जोड्या, भरलेलं आणि रिकामं, जवळ आणि दूर. प्रत्येक बाकाशी तिच्या आत कुठला तरी जुना शब्द उठून उभा राहत होता, कुणी न बोलावता. केशाकर्षण. विरुद्धार्थी. एकं, दहं, शतं. जामबागजवळच्या मराठी शाळेत दहावीपर्यंत तिने हे शब्द जमवले होते, लसावि, मसावि, परीघ, बाष्पीभवन, एकेक घासूनपुसून. नंतर इतक्या वर्षांत कुणी ते मागितलेच नाहीत. बँकेत नाही, मुलाखतीत नाही, नवऱ्याच्या मित्रमंडळींत तर नाहीच. भिंतीवर 'आपली वस्ती' नावाचा मोठा नकाशा होता. शाळा, देऊळ, हॉस्पिटल, बाग, आणि मुलांनी चिकटवलेली आपापली कागदी घरं. गौरीचं घर हॉस्पिटलच्या गल्लीत बरोबर जागेवर होतं. पण तिने आणखी एक घर केलं होतं, आणि ते नकाशात मावत नव्हतं म्हणून कडेला कागदाची एक पट्टी डकवून तिच्या टोकाशी लावलं होतं. आज्जीचं घर. सुलतान बाजार. पंख्याच्या वाऱ्याने ती पट्टी हलत होती.

"गौरी के मम्मी, जरा आते क्या?" वर्गाच्या दाराशी माधवीलता मिस उभ्या होत्या. सडपातळ चणीच्या, सदा घाईत असलेल्या, पण डोळ्यांत माया असलेल्या. "बच्ची होशियार है जी. रिटन में सब करेक्ट. लेकिन मुँह नहीं खोलती. घर में क्या बोलते आप लोगां?"

"मराठी," प्रणिता म्हणाली. शेजाऱ्याचं काही न सांगता आणलेलं कबूल करावं तसा तिचा आवाज निघाला.

"वहीच. इधर तेलुगू, इधर हिंदी, इधर इंग्लिश, और घर में एक और. छोटा दिमाग, कन्फ्यूज होता ना? एक टर्म घर में इंग्लिशीच बोलो. थर्ड क्लास से ओरल के मार्क्स हैं." मग त्यांनी आवाज उतरवला आणि स्वतःची मूठ मिटून दाखवली. "और एक बात. मैथ्स करते वक्त ऐसा हात बंद करके बैठती. एकदम टाइट. मैं बोली खोलो, तो नक्को बोली. घर में कुछ टेन्शन है क्या?"

प्रणिताला ती मूठ ठाऊक होती. तिच्याइतकी ती मूठ कुणालाच ठाऊक नव्हती. कापडाच्या दुकानावरच्या खोलीत, खाली वडील केशवराव गजाने कापड मोजताहेत आणि वर आई, सत्यवती, पुढ्यात तांदळाचं सूप घेऊन बसली आहे. तिचं शिक्षण उदगीरकडच्या खेड्यातलं, चौथीपर्यंतचं, पण बेरजेत तिला हरवणारा जन्माला यायचा होता. आठ नि सात किती? पंधरा. मग पाच लिही खाली, आन् एक हातचा. मूठ मिट. घट्ट. पुढच्या घरात जाईपर्यंत उघडू नको, सांडंल. पाटीवर उभ्या रेघेच्या अलीकडे एकंचं घर, पलीकडे दहंचं, आणि तो सुटा एक या घरातून त्या घरात मुठीतून न्यायचा. छोट्या प्रणिताला मुठीत खरंच काही तरी ऊब लागायची, पकडलेल्या चतुरासारखी फडफड. यंदा गौरीच्या बेरजा सुरू झाल्या तेव्हा ओट्याशी उभं राहून, पिठाच्या हातांनी, तिने तेच सगळं तसंच लेकीला दिलं होतं. पुस्तकात वर बारीक एक लिहा म्हटलं होतं. गौरी वर लिहायची नाही. मुठीत ठेवायची. हे मिसना सांगायला किती वेळ लागला असता? पण आजूबाजूला टाय लावलेले बाप होते, चुरचुरीत इंग्रजी बोलणाऱ्या आया होत्या, आणि मूठ, पाटी, आई, सूप हे सगळं कुठल्या भाषेतून काढून त्यांच्यापुढे ठेवावं ते तिला सुधरेना. "जी मिस," ती म्हणाली, "मैं देखती."

परतताना गौरी तिच्या बोटाला धरून, पण अर्धं पाऊल मागे चालत होती. "आई, मी विसरले नव्हते."

"असू दे गं."

"नाही, खरंच नव्हते. मला ते आधी तुझ्या आवाजात ऐकू येतं. मग मी ते इंग्लिश करते. तेवढ्यात सगळे बघायला लागतात."

प्रणिता थांबली. मिरचीभज्यांच्या गाडीवरून कढत तेलाचा वास येत होता, मागून ऑटोवाला भोंगा वाजवत होता, आणि ती रस्त्यात उभी होती. माझ्या आवाजात. पोरीच्या डोक्यात, बोलायच्या ऐन उंबऱ्यावर, आपण आडव्या बसलो आहोत, असं तिला दिसलं. दहावीनंतर ती कोठीच्या कॉलेजात इंटरला गेली तेव्हाचं वर्ष तिला आठवलं. केमिस्ट्रीच्या तासाला सर विचारायचे आणि उत्तर तिच्यापाशी तयार असायचं, सोललेलं, स्वच्छ, पण मराठीत. ते इंग्रजीचे कपडे घालून बाहेर निघेस्तोवर पुढच्या बाकावरचं कुणी बोलून गेलेलं असायचं. अख्खं वर्ष ती अशी मुक्याने बसली. पुढे बोलायला लागली, चांगलं बोलायला लागली, बीकॉम, एमकॉम झाली. पण जी बोलायला लागली ती कुणी वेगळीच मुलगी होती, नीटनेटकी, बेताची, आणि जामबागच्या शाळेत मैदानभर ओरडत फिरणारी, भांडणारी, वर्गात सगळ्यांच्या आधी हात वर करणारी ती पहिली कुठे राहिली, हे विचारायला जागाच उरली नव्हती. गौरीचं तसं व्हायला नको. त्या एका वर्षाची भीती इतकी जुनी आणि इतकी ओळखीची होती की प्रणिताने तिचं म्हणणं लगेच ऐकलं.

"उत्तम आहे की," तिचा नवरा कौस्तुभ रात्रीच्या जेवणाला म्हणाला. तो पुण्याचा, हायटेक सिटीत नोकरीला, घरी येईपर्यंत दिवसभराचं बोलणं संपवून येणारा. "एक टर्मचा तर प्रश्न आहे. मराठी काय, पुण्याला गेल्यावर येईलच."

"पुण्याला आपण जातो कधी?"

"आणि राग मानू नको, पण तुझं मराठी तरी कुठे मराठी आहे? हौ काय, नक्को काय, परेशान काय. माझी आई परवा फोनवर म्हणत होती, गौरी लाडू दे म्हणायच्या ऐवजी 'लाडू देतीस क्या' म्हणाली." तो हसला. वाईट हसणं नव्हतं ते. गौरीही हसली. प्रणिताही हसली, आणि भात कालवत राहिली. मग हे जे आपण पोरीला देत होतो ते कुठलं, असं तिच्या मनात आलं. पुण्याचं नाही, पुस्तकातलं नाही, इथल्या लोकांचं तर नाहीच. एका बाजारातल्या एका गल्लीतल्या चार-पाच बिऱ्हाडांचं. त्यातलीही अर्धी बिऱ्हाडं आता उठून गेलेली. ते गेलं तर बाहेर कुणाला पत्ताही लागणार नाही. तिने ताट धुतलं आणि सोमवारपासून सुरू करायचं ठरवलं.

सोमवारी तिला कळलं की तिच्या इंग्रजीत फक्त हुकूम आहेत. ईट. स्लीप. कम फास्ट. डोन्ट डू लाइक दॅट. अर्ज आहेत, आभार आहेत, माफी आहे, पण लबाड नाही, नाटकी नाही, चिमणे नाही, उगी उगी नाही. केस विंचरताना ती रोज गौरीच्या गुंत्यांशी भांडायची, हा बघ कसा चोरासारखा लपून बसलाय, ये बाहेर मेल्या. आता ती नुसती विंचरायची. कंगव्याचा आवाज ऐकू यायला लागला. गौरी जिन्यात पडली आणि गुडघा सोलून आली तेव्हा प्रणिता इट्स ओके, इट्स ओके म्हणत राहिली आणि गौरीने तिच्याकडे असं बघितलं, जसं ती इंजेक्शनच्या वेळी नर्सकडे बघायची. रडणंसुद्धा तिने लवकर आवरलं. बेरजेच्या वेळी मूठ मिटायला लागली की प्रणिता हलकेच बोटं सोडवायची. राइट इट ऑन टॉप. गौरी वर एक लिहायची, बारीक, सरळ, पुस्तकातल्यासारखा. बेरजा पूर्वीइतक्याच बरोबर यायच्या. वर्गात ती अजून बोलत नव्हती, थोडा टाइम लगेगा, मिस म्हणाल्या. आणि संध्याकाळी दप्तर काढताना प्रणिता विचारायची, व्हॉट डिड यू लर्न टुडे? नथिंग, गौरी म्हणायची. आधीही ती हेच म्हणायची. आज काय शिकलीस? काही नाही. पण त्या काही नाही नंतर बूट काढता काढता, दूध पिता पिता, अगं पण आई, गंमत ऐक ना, असं सुरू व्हायचं आणि मग वर्ग सगळा घरात यायचा, कुणाचं नाक गळत होतं, चंद्रावर हवाच नाही तर तिथे फुगा कसा फुगवायचा, दोन अर्धे म्हणजे एक हे खोटं आहे कारण अर्धी भाकरी आणि अर्धी भाकरी शिळी असली तर. नथिंग नंतर काहीच यायचं नाही. ते बंद दारासारखं होतं, गुळगुळीत, कडी नसलेलं.

"काय गं, घर इतकं गप का?" फोनवर सत्यवती विचारायची. "पोरगी झोपली का?"

"नाही आई, अभ्यास करतीये."

"दे की तिला."

"आई, तू तिच्याशी... थोडे दिवस..."

मागे सुलतान बाजार ऐकू येत होता, बसचे भोंगे, ओढणीवाल्याची आरोळी. "हौ," सत्यवती म्हणाली. "समजलं. मी बोलणार नाही, नुसती ऐकते. तिला म्हणावं, कायपण बोल. इंग्लिशमध्ये बोल. माझं काय, मला आवाज पाहिजे तिचा." फोन ठेवल्यावर किती तरी वेळ प्रणिताला आपल्या आईला असं काही म्हणावंसं वाटत राहिलं जे लहानपणी म्हणता आलं असतं आणि आता कुठल्याच भाषेत नव्हतं. मला पण आवाज पाहिजे तुझा. एवढंच कदाचित.

शाळेतून आणलेली निळी शेवंती गौरीने गॅलरीच्या कठड्यावर ठेवली होती. रोज सकाळी ती ग्लासात पाणी आणि शाईचे थेंब घालायची. फूल आता चांगलंच निळं झालं होतं, जरा सुकलेलं, मान एका बाजूला टाकलेलं. रविवारी दुपारी कौस्तुभ आत टीव्हीपुढे डुलकी घेत होता, आणि कपडे वाळत घालायला निघालेली प्रणिता गॅलरीच्या दारातच थांबली, कारण बाहेर वर्ग भरला होता. कठड्याला टेकवून उशा बसवल्या होत्या, एक टेडी, एक पाण्याची बाटली, आणि कोपऱ्यात दिवाणावरचा मोठा लोड. गौरीच्या खांद्यावर प्रणिताची ओढणी होती, मिस घेतात तशी, पिन लावून. हातात खडू. आणि ती बोलत होती. भडाभडा, चार भाषांची खिचडी करून, न अडखळता.

"हर्षवर्धन, तू गप बस रे, तेरेकू सब आता मालूम है. हां, तो ही शेवंती. हिने पांढरं पाणी मागितलं होतं, पण आपण निळं दिलं. मग ती काय करेल? प्यायली. तहान लागल्यावर पिणारच ना. स्टेममधून वर वर वर. हे सगळं निळं झालं, चूडंडी, बघा. पण हे मधलं पिवळं आहे ना, हे झालं नाही. का झालं नाही? मिसला पण माहीत नाही." ती लोडाकडे वळली आणि तिचा आवाज मोठ्या माणसासारखा मऊ झाला. "व्हाय आर यू नॉट टॉकिंग, प्रणिता?"

दारातल्या प्रणिताच्या हातातली बादली आपोआप खाली टेकली.

लोड काही बोलला नाही. गौरीने त्याच्यापुढे वाकून पाहिलं, उसासा टाकला आणि उशांना सांगितलं, "उसकू छोडो. हसायचं नाही तिला. ती आधी खूप बोलायची. आता तिला येत नाही. घर में कुछ टेन्शन है."

हातावरचे कपडे ओले होते, त्यांतून पाणी गळून पायाशी ओघळ येत होता, आणि प्रणिताला त्या लोडाचा इतका हेवा वाटला की हसू आलं. इतके दिवस ती एका मुक्या मुलीची काळजी करत होती, आणि ही मुलगी एका मुक्या मुलीची. ती दार ओलांडून आली. लोड उचलून बाजूला केला आणि त्याच्या जागेवर, कोपऱ्यात, मांडी घालून बसली. फरशी तापलेली होती. गौरीने खडूचा हात खाली घेतला. खेळ मोडला की काय, हे ती आईच्या चेहऱ्यावर शोधत होती. प्रणिता जामबागच्या शाळेत बसायची तशी, हात मांडीवर ठेवून, फळ्याकडे बघत बसली.

"यू आर लेट," गौरी शेवटी म्हणाली.

"हो बाई. वाट चुकले होते."

बाई हा शब्द गौरीने कधी शाळेत ऐकला नव्हता. तो तिने जरा वेळ तपासला, ठीक दिसला म्हणून ठेवून घेतला, आणि फरशीवर उकिडवी बसून खडूने मोठमोठे आकडे मांडले. अठ्ठावीस. खाली सतरा. उभी रेघ, आडवी रेघ. "कम, प्रणिता. डू धिस सम. मोठ्याने."

प्रणिता पुढे सरकली. "आठ नि सात पंधरा," ती म्हणाली. आपलाच आवाज तिला किती तरी दिवसांनी ऐकू आला, जरा खरखरीत, बाजारातला. "पंधरातले पाच लिहिले खाली." तिने पाच लिहिले. आणि डावी मूठ मिटली, अंगठा आत घालून, घट्ट.

गौरीने मुठीकडे पाहिलं. मग दाराकडे, जणू तिथे कुणी उभं होतं. "ते मिसला चालत नाही," ती हळूच म्हणाली.

"मिसना मी उद्या सांगणार आहे. मूठ मी शिकवलीये म्हणून. मला आज्जीने शिकवली. तिच्यात टेन्शन नाही, एक असतो."

"इंग्लिशमध्ये सांगशील?"

"येईल तसं सांगीन. अडलं तर मूठ दाखवीन."

"आणि सगळे बघायला लागले तर?"

"बघू देत."

गौरी विचारात पडली. तिचा बाईंचा चेहरा घटकाभर कुठे तरी गेला आणि मागे नुसती सात वर्षांची पोर उरली, नाकावर खडू लागलेली. मग ती वाकली आणि आईची मिटलेली मूठ तिने आपल्या दोन्ही हातांनी वरून दाबली. "घट्ट धर हां," ती म्हणाली. "सांडंल."

सांडेल नव्हे, सांडंल. शब्द तसाच्या तसा, सुपातल्या तांदळाच्या कण्यांसकट, एका घरातून दुसऱ्या घरात येऊन पोचलेला. प्रणिताने मान खाली घातली आणि आकड्यांकडे बघितलं, कारण वर बघण्यासारखी तिची स्थिती नव्हती. रेघेपलीकडे दोन आणि एक उभे होते. दोन नि एक तीन. तीन नि... मूठ उघडायला हवी होती. इथपर्यंतच ठेवायची असते ती, एवढाच तिचा प्रवास. उघडावीशी वाटत नव्हती.

"तीन नि?" गौरी म्हणाली. "अगं, बोल ना. तीन नि?"

प्रणिताने मूठ पुढे केली. गौरीने तिची बोटं एकेक करून सोडवली, तळहातावर वाकून नीट बघितलं, तिथून चिमटीने काही उचलल्यासारखं केलं, आणि दहंच्या घरात चार लिहिले. मग मागे सरून तिने बेरीज डोळे बारीक करून तपासली आणि एक मोठी बरोबरची खूण मारली.

"व्हेरी गुड. आता सांग," ओढणी सावरत बाईंनी विचारलं, "आज काय शिकलीस?"

"काही नाही," प्रणिता म्हणाली. कठड्यावरची शेवंती वाऱ्याने ग्लासात गोल फिरली. प्रणिताने एक श्वास घेतला. "अगं, पण गंमत ऐक ना..."